सेमिकोलन आप्पा

आमच्या ऑफिसात त्यांना तोंडावर आप्पा आणि पाठीमागं सेमिकोलन आप्पा म्हणायचे. हे त्यांना माहीत नाही, अशी आमची समजूत होती. एकदा नव्यानं लागलेल्या मुलीनं फोन उचलून त्यांच्या समोरच विचारलं, "सेमिकोलन आप्पांना देऊ काय?" आणि खोलीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "दे की. हल्ली पुऱ्या नावानं हाक मारतंय कोण?"

ऑफिस म्हणजे अनगोळला, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. तिथं आम्ही छापील पुस्तकांची ई-पुस्तकं करायचो. मी कंग्राळीची. घरात कॉम्प्युटर शिकलेली पहिली, टायपिंगचा वेग भन्नाट आणि त्याचा तोरा त्याहून भन्नाट. आप्पा निपाणीचे. सोमवारी सकाळच्या बसनं यायचे, शनिवारी संध्याकाळी परत जायचे, मधले दिवस ऑफिसच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहायचे. साठीला टेकलेले, बारा महिने तोच करडा स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक चिमटा. निपाणीच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचा तो चिमटा. खिळे गेले, छापखाना गेला, चिमटा राहिला. त्याच्या टोकानं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चूक दाखवायचे आणि पडद्यावर ओरखडा उठला की मालकांच्या काळजावर उठायचा.

नावामागची गोष्ट अशी. ई-पुस्तकाचं जे पान आपल्याला दिसतं त्याच्या पोटात कोड असतं. त्या कोडात काही चिन्हं जशीच्या तशी लिहून चालत नाही, कारण ती यंत्राच्या स्वतःच्या कामाची असतात. & हे त्यातलं सगळ्यात उपद्व्यापी. पानावर ते हवं असेल तर कोडात &amp; असं लिहावं लागतं. म्हणजे आधी &, मग त्याचं नाव आणि शेवटी सेमिकोलन. तो शेवटचा सेमिकोलन आम्ही हटकून विसरायचो. आप्पा मागून जाता जाता नुसतं विचारायचे, "दार उघडलंस. कडी लावलीस काय?" पहिला आठवडाभर हा माणूस खरंच दाराबद्दल बोलतोय असं समजून मी दोनदा उठून दार लावून आले. त्यांनीही अडवलं नाही. मजा बघत बसले असणार.

ते माउसला हात लावत नसत. टेबलावरचा माउस उलटा करून ठेवलेला. कोडाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बाणाचं बटण दाबत जायचे, एकेक अक्षर. मी एकदा म्हटलं, "आप्पा, थेट पाहिजे तिथं क्लिक करा की, किती वेळ घालवताय." तर म्हणाले, "ती उडी झाली. मी चालत जातो. उडी मारणाऱ्याला वाटंत काय हाय ते कळत न्हाय." आम्ही दिवसाला दोन पुस्तकं उडवायचो, आप्पा दोन आठवड्यांत एक. मालक महिन्याच्या शेवटी त्यांच्याकडं बघून असा काही सुस्कारा टाकायचे की खालच्या दुकानात ऐकू जावा.

पण मालक त्यांना काढत नव्हते आणि त्याला कारण होतं. एकदा स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक अडलं. चारशे पाककृती, फोटो, सगळं झालेलं, आणि पुस्तक उघडतच नव्हतं. उघडायला गेलं की नुसता चूक असल्याचा संदेश. कुठंतरी एक उघडा & राहिला होता आणि त्या एकट्यानं सगळं पुस्तक बंद पाडलं होतं. आम्ही चौघं दुपारभर भाज्या, आमट्या, लोणची पालथी घालत होतो. आप्पा चहा पिऊन आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा शेवटची फाइल उघडली. आभाराचं पान. तिथं बाईंनी ज्या दुकानातून भांडी घेतली त्याचं नाव होतं, अमुक & सन्स. आप्पांनी चिमटा टेकवला. "आमटी करताना ह्यो कुणाला लागतोय? ह्यो दुकानाच्या पाटीवरच गावतोय. आधी माणूस कुठं काय लिवतंय त्याचा इचार करायचा, मग हुडकायचं." कडी लावली, पुस्तक उघडलं, आणि मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना गोड म्हणून कुंदा खायला घातला.

दुसरी गंमत आकड्यांची. ई-पुस्तकात नुसत्या नावानं ओळखली जाणारी चिन्हं पाचच. बाकी सगळ्यांना नंबर लावावा लागतो. आम्ही इंटरनेटवरून उचललेली नावं ठोकून द्यायचो आणि पुस्तक कोसळायचं. आप्पा म्हणायचे, "सरकारी हापिस हाय ह्ये. पाच जणांना नावानं वळकत्यात, बाकीच्यांनी टोकन दाखवायचं." ते सगळे टोकन त्यांना पाठ. इतके, की बँकेत एकशेसाठ नंबरचं टोकन मिळालं तर दिवसभर खूश असायचे, कारण एकशेसाठ म्हणजे दोन शब्दांना एकमेकांपासून तुटू न देणारी मोकळी जागा. एकशेत्र्याहत्तर आलं तर मात्र ते टोकन बदलून मागायचे. तो नंबर शब्दाच्या पोटात लपून बसणाऱ्या न दिसणाऱ्या जोडरेघेचा. "लबाड हाय त्यो," म्हणायचे, "समोर बसतोय आणि दिसत न्हाय." बँकेतल्या माणसानं एकदा खरंच टोकन बदलून दिलं, बहुधा त्यांच्या वयाकडं बघून.

आणि एक विद्या त्यांच्याकडं होती जी मी दुसऱ्या कुणाकडं बघितली नाही. छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग होतं. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा अंगरखा. अंगरखा काढला की मागं नुसती इंग्रजी गिचमीड उरायची. आप्पांनी त्या फॉन्टात इतकी वर्षं टाइप केलं होतं की ती गिचमीड ते पेपर वाचावा तशी घडाघडा वाचायचे. पुढं पुढं त्यांना खरं इंग्रजीसुद्धा तसंच दिसायला लागलं. छोट्या अक्षरांत टॅक्स लिहिलेली पाटी दिसली की ते जंग वाचायचे. त्या फॉन्टात त्या तीन बटणांवर तीच अक्षरं होती. आपण हसलो की म्हणायचे, "मग? काय चूक वाचलं?"

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात शाळेत गेलेले पहिले आप्पा. संध्याकाळी आई पुडीला आलेला कागद पुढ्यात धरायची आणि म्हणायची, वाच. हे कंटाळून मधल्या ओळी गाळायचे. आईला अक्षर येत नव्हतं, पण ती कागदावरून बोट फिरवत ओळी मोजायची. "एवढ्या वळी हायत आणि तू एवढंच वाचलास. उरल्यालं कुणाचं?" आप्पा हे सांगताना हसत होते, पण पुढचं वाक्य हसून बोलले नाहीत. म्हणाले, "आमच्या घरात अक्षर येस्तवर किती पिढ्या गेल्या, ठावं हाय? आणि मी त्यातलं गाळू?" त्यानंतर मी त्यांच्या हळूपणावर विनोद करायचं बंद केलं. निदान ते ऐकतील असे.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं सांगते आहे त्याकडं येते. कर्नाटकातल्या मराठी शाळांत शिक्षक व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागायची. तिची कन्नड पुस्तकं ढीगभर. महाराष्ट्रातली मराठी पुस्तकं मिळायची, पण अभ्यासक्रम वेगळा. इथल्या अभ्यासक्रमाचं मराठी पुस्तक एकच होतं, निपाणीकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलेलं. गुरुजी वारले, प्रती संपल्या, घरातली शेवटची प्रत वाळवीनं खाल्ली. उरली होती छापखान्याची एक सीडी.

ती सीडी घेऊन लोंढ्याहून एक बाई भावाबरोबर आमच्या माडीवर आल्या. मी त्यांना आक्का म्हणायला लागले ते पहिल्याच दिवशी. लहानपणी गोवरात त्यांची नजर गेली होती. तरी डी.एड. झालेल्या, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेणाऱ्या. पुस्तक ई-पुस्तक झालं तर त्यांचा फोन ते मोठ्यानं वाचून दाखवणार होता. "परीक्षेला दोन महिने हायत," त्या म्हणाल्या. "आणि पुढल्या साली मला फारम भरता येत न्हाई. वय संपतंय माझं. ह्योच शेवटचा." भाऊ रेल्वेत होता. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मालकांनी काम माझ्याकडं दिलं, कारण घाई होती आणि वेग माझा होता.

सीडीवरची फाइल उघडणारं जुनं सॉफ्टवेअर कुठंच चालेना. हाती लागला तो अंगरखा उतरवलेला मजकूर, ती गिचमीड. मी फुशारकीनं कामाला लागले. आधी सगळा मजकूर कोडात घातला. कोडानं आपल्या नियमाप्रमाणं त्यातल्या &, < आणि > या चिन्हांवर राखण बसवली, म्हणजे त्यांच्या जागी &amp; वगैरे लिहिलं. मग मी ते सगळं मराठीत बदलणाऱ्या यंत्रातून काढलं. तीन दिवसांत पुस्तक तयार. आप्पांनी विचारलं, "तपासू काय गं?" मी म्हटलं, "कशाला, पाठवलं पण."

आठ दिवसांनी आक्कांचा फोन आला. आवाजात संकोच होता. "बाई, अभ्यास झकास चाललाय. एक शंका होती. ह्यो उचय म्हंजे काय?"

"काय म्हणजे?"

"उचय. दर पानावर हाय की. अध्ययन उचय अध्यापन. बालक उचय पालक. मी आपली म्हटलं नव्या अभ्यासक्रमात आला असंल. ब्रेलमधी लिवून काढलंय सगळं, पाठ बी झालंय. आणि पहिल्या धड्याचं नाव, वासजय आणि विकास. त्यो वासजय कुठला?"

त्या जुन्या फॉन्टात & च्या बटणावर जोडरेघ होती, < वर ढ होता, > वर झ. मी आधी राखण बसवली आणि मग मराठी केलं, म्हणून यंत्रानं राखणीची इंग्रजी अक्षरंसुद्धा मराठी करून टाकली. प्रत्येक जोडरेघेमागं उचय, प्रत्येक ढ च्या जागी सजय, प्रत्येक झ च्या जागी हजय. वाढ आणि विकास हा धडा वासजय झाला होता. डोळ्यानं बघणाऱ्या माणसानं पहिल्या पानाला हसून पुस्तक बाजूला ठेवलं असतं. त्या बाईनं आठ दिवस मन लावून ते पाठ केलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि अजूनही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मालक म्हणाले, "त्यात काय एवढं? रिप्लेस ऑल मार, सगळं एकदम बदलून टाक, पुन्हा पाठव. साकु, पुरे झालं आता या पुस्तकाचं." मीही घाईच केली. मूळ मजकुरापासून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी भीतीपोटी राखण ठेवलीच नाही. पान दिसायला सुरेख आलं. वाढ आली, झाड आलं, उचय गेला. मी पाठवणार तेवढ्यात आप्पांनी उलटा ठेवलेला माउस आणून माझ्या कीबोर्डवर ठेवला. म्हणाले, "थांब. एकदा तिचं आठ दिवस खाल्लंस. आता इचारून खा."

मग त्यांनी मालकांना सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "सायेब, ह्ये पुस्तक मी वाचल्याबिगर जाणार न्हाय. तुमच्या टायमात वाचत न्हाय. सकाळी साडेसहाला येतो, साडेनवाला तुमचं काम धरतो. चावी तेवढी द्या." मालकांनी कधी नव्हे ती चावी दिली. मी म्हटलं मीही येते. आप्पा म्हणाले, "तू येणारच हायस. दुरुस्त्या कोण करणार?"

पण त्यांना तिसरं माणूस हवं होतं. छापखान्यात मुद्रितं एकट्यानं तपासायची नाहीत, असा रिवाज होता. एकानं मोठ्यानं वाचायचं, अगदी चिन्हांसकट, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद. दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून जुळवत जायचं. आप्पांनी लोंढ्याला फोन लावला. "आक्का, तुमी वाचायचं. फोनला सांगा, चिन्हं बी बोल म्हणावं. त्यो जे बोलंल ते तुमी मला बोलायचं. मूळ माझ्याकडं हाय." मग आक्का म्हणाल्या, "आप्पा, मला आजवर सगळ्यांनी वाचून दाखवलंय. मला कुणी वाच म्हणून सांगितलं न्हवतं."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. टेबलावर फोन, त्यातून आक्कांचा आवाज, आप्पांच्या पुढं ती इंग्रजी गिचमीड आणि त्यावरून सरकणारा चिमटा. "बालकाची वाढ ही, स्वल्पविराम, सतत चालणारी प्रक्रिया आहे, पूर्णविराम." "हां." "नवा परिच्छेद." "हां." लोंढ्याला मालगाडी आली की दोन्हीकडं थांबायचं, गाडी गेली की पुढं. आक्का कधी चुकून पुढं सरकल्या तर आप्पा गिचमिडीतून मागचा शब्द वाचून त्यांना परत आणायचे. मला त्या दोघांकडं बघून, म्हणजे एकाकडं बघून आणि एकाला ऐकून, काय वाटायचं ते सांगता येत नाही. अभिमान वाटायचा, एवढं खरं, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "हितं तुटतंय. शिक्ष, मग थांबतोय, मग णशास्त्र." मी पडद्यावर बघितलं, शब्द अखंड होता. "काही नाही हो आक्का, बरोबर आहे." "दिसत नसंल. खरं हाय तिथं कायतरी." आप्पांनी बाणाचं बटण दाबत त्या शब्दावरून चालायला सुरुवात केली. क्ष आणि ण यांच्यामध्ये बटण दाबलं आणि खूण जागची हलली नाही. पुन्हा दाबलं तेव्हा हलली. न दिसणारं काहीतरी ओलांडलं होतं. तोच तो एकशेत्र्याहत्तर. छापील ओळीच्या शेवटी शब्द तोडायला कुणी घातलेला, आणि आता शब्दाच्या पोटात राहिलेला. शोधले तर पुस्तकभर साडेसहाशे निघाले. आप्पा फोनकडं वाकून म्हणाले, "आक्का, तुमची नजर लई बारीक बगा." बोलून गेले आणि जीभ चावली. आक्का इतक्या हसल्या की त्यांच्या मागं भाऊ काय झालं म्हणून विचारायला आलेला ऐकू आला.

दहाव्या दिवशी गणिताच्या परिशिष्टात त्या म्हणाल्या, "प्रश्न सात, पूर्णविराम." उत्तर झालं. "प्रश्न अकरा, पूर्णविराम."

"आठ," आप्पा म्हणाले.

"माझ्याकडं अकराच हाय."

मी मूळ फाइल उघडली. परिशिष्ट वेगळ्या फाइलीत होतं आणि त्यातली गणितं साध्या इंग्रजी फॉन्टात. तिथला < खरोखरच पेक्षा लहान दाखवणारा होता. मी राखण काढली होती, म्हणून मराठी करणाऱ्या यंत्राला वाटलं हे कोडाचंच चिन्ह, आणि पुढचा > येईपर्यंतचा सगळा मजकूर त्यानं मुकाट्यानं गिळला. मधले तीन प्रश्न पानावर कुठंच नव्हते, आणि नसल्याची खूणही नव्हती. आप्पांनी मला रागवायला हवं होतं. त्यांनी चिमटा खिशात ठेवला आणि म्हणाले, "आधी अक्षर, मग राखण. पयल्यांदा राखण आधी बसवलीस, दुसऱ्यांदा बसवलीच न्हाईस. आता तिसऱ्यांदा बरोबर करशील. बस." मी बसले. आधी अक्षरं मराठी केली, मग राखण बसवली, प्रत्येक दाराला कडी लावली. त्यानंतर माझ्या हातून ती चूक कधी झाली नाही, आणि आज मी स्वतःचं काम करते तेव्हा माझ्या हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते.

एकोणीस सकाळी लागल्या. शेवटच्या पानाचा शेवटचा पूर्णविराम आक्कांनी मोठ्यानं म्हटला, आप्पा हां म्हणाले, आणि त्यांनी नव्यानं केलेलं पुस्तक लोंढ्याला धाडलं. आक्का म्हणाल्या, "आता परत ऐकायची गरज न्हाई आप्पा. सगळं तोंडात बसलंय." आप्पांना ते पटलं नाही. त्यांनी सांगितलं, "ऐका तरी. कायतरी राहिलं असणार." परीक्षेत आक्कांना लेखनिक मिळाला होता, प्रश्न वाचून दाखवणारा आणि त्यांनी सांगितलेलं उत्तर खुणावणारा. त्याला त्यांनी पहिल्याच प्रश्नाला थांबवलं म्हणे. "चिन्हांसकट वाचा की वो," असं सांगितलं. तो बिचारा तीन तास स्वल्पविराम म्हणत बसला.

मग वाट बघणं. आप्पा तो विषय काढत नव्हते, पण फोन वाजला की चिमटा जागच्या जागी थांबायचा.

एका सकाळी साडेदहाला आक्कांचा फोन आला. निवड यादी लागली होती. पण खात्यानं कागदाचे फोटो काढून टाकले होते आणि फोटोतली अक्षरं त्यांच्या फोनला वाचता येत नव्हती. "भाऊ ड्युटीवर हाय," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांना सांगितलं तर ते वाचतील. खरं मला तुमच्याकडनं ऐकायचंय आप्पा."

मी आप्पांच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. कन्नडमध्ये होती, पाच पानं; आप्पांना कन्नड वाचता यायचं. माझा हात उलट्या माउसकडं गेला, म्हटलं सरळ खाली जाऊन नाव बघूया. आप्पांनी चिमट्यानं माझ्या बोटांवर टोला दिला. फोनमधून आक्काही म्हणाल्या, "वरपासनं वाचू द्या त्यांना."

आप्पा वाचायला लागले. शीर्षक, त्याखालची रेघ, कंस सुरू, कंस बंद. क्रमांक एक, पूर्णविराम, आडनाव, स्वल्पविराम, नाव, गाव. क्रमांक दोन. एकही अक्षर गाळलं नाही, एकाही नावाला घाई केली नाही. ऑफिसातली मुलं एकेक करून मागं येऊन उभी राहिली. मालक आतून आले आणि सुस्कारा न टाकता उभे राहिले. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं. फोनमधून फक्त हां येत होतं, दर ओळीला एक.

तिसऱ्या पानावर, मध्यावर, त्याच आवाजात आप्पांनी वाचलं. क्रमांक, पूर्णविराम. आक्कांचं आडनाव, स्वल्पविराम. आक्कांचं नाव, स्वल्पविराम. लोंढा, पूर्णविराम.

पलीकडून हां आलं नाही. आप्पांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, आणि या वेळी त्यांचा आवाज स्वल्पविरामापाशी अडला आणि पूर्णविरामापर्यंत पोचायला वेळ लागला. मी रडत होते. मालक माझ्या खांद्यावर थापटत होते आणि स्वतःही रडत होते.

शेवटी आक्का म्हणाल्या, "मास्तरीण झाले मी."

"झालात," आप्पा म्हणाले.

"वाचा आप्पा पुढं. अजून दोन पानं असतील की."

आप्पांनी स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं, उलटा पडलेला माउस सुलटा केला आणि वर कोपऱ्यातल्या फुलीवर नेऊन यादी बंद केली. "असूंदेत," म्हणाले, "वाचणार न्हाय."